अग्नीची वाट पाहणारें झुडूप

वणवा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें नाशाचें चित्र उभें राहतें. परंतु वणव्यावांचून ज्याचा वंश नीट चालत नाहीं, असेंही एक फुलझाड या जगांत आहे. त्याचें शास्त्रीय नांव ल्युकोस्पर्मम कॉर्डिफोलियम. टांचण्या टोंचून ठेवलेल्या उशीसारखें त्याचें नारिंगी फूल दिसतें, म्हणून इंग्रजींत त्यास 'पिनकुशन' म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतांत, समुद्रालगतच्या डोंगरउतारांवर हें झुडूप आपोआप उगवतें. तेथील झुडुपी रानास 'फिनबॉस' असें नांव आहे. तेथें पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. जमीन रेताड, आम्ल व निकस असते. झुडूप सुमारें दीड मीटर उंच वाढतें. त्याचा मध सेवण्यास लांब शेपटीचा शुगरबर्ड पक्षी येतो आणि त्याच्याकडून परागवहन घडतें.

बीं पिकून खालीं पडलें म्हणजे मुंग्या तें आपल्या वारुळांत ओढून नेतात. बियांवरील मऊ, स्निग्ध आवरण तेवढें त्या खातात; बीं तसेंच जमिनींत राहतें. तेथें त्यास ना उंदराचें भय, ना आगीचें. वणव्यांत मूळ झुडूप मरून जातें. मग उघडी पडलेली माती दिवसा तापते, रात्रीं गार होते. त्या फरकानें निजलेलें बीं जागें होतें व पावसाबरोबर अंकुर फुटतात.

ही घडी आज विस्कटत आहे. वणवे फार लवकर लवकर लागले, तर नवीं रोपें बीं धरण्यापूर्वींच जळतात. शेतीसाठीं रान नांगरलें जातें. बाहेरून आणलेलीं बाभळीच्या जातीचीं व पाइनचीं झाडें जागा व्यापतात. परदेशांतून आलेली अर्जेंटिनी मुंगी देशी मुंग्यांस हुसकावते. ती स्निग्ध आवरण खाते, पण बीं पुरीत नाहीं. या सर्व कारणांनीं हें झुडूप 'संकटसमीप' वर्गांत गणलें गेलें आहे.

फुलांच्या व्यापारासाठीं त्याची लागवड हवाई बेटांतही होते. म्हणून तें फुलदाणींतून नाहींसें होणार नाहीं. परंतु फुलदाणींत ना मुंगी आहे, ना पक्षी, ना वणवा. विद्यार्थिमित्रहो, एखादें झाड राखणें म्हणजे त्याचें रान, त्याचे सोबती आणि त्याचे ऋतु राखणें होय, हेंच हें दूरदेशचें झुडूप आपणांस शिकवितें.