पडद्यावरील काव्यनाटक आणि विद्यार्थी
टी. एस. एलियटचें ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ हें काव्यनाटक १९३५ सालीं कँटरबरी येथें प्रथम झालें; १९५१ सालीं त्याचा बोलपट निघाला. महाविद्यालयांत तो दाखविल्यावर चर्चा केवळ वृत्तछंदांवर अडूं नये. ११७० सालीं मारल्या गेलेल्या आर्चबिशप बेकेटपुढें चार मोह येतात. पहिले तीन सुखाचे व सत्तेचे. चौथा हौतात्म्याच्या कीर्तीचा. बोलपटांत हा चौथा दिसत नाहीं. ऐकूं येतो तो त्याचा आवाज खुद्द एलियटचा आहे. वधानंतर मारेकरी सरदार एकाएकीं गद्यांत आपली बाजू पटवूं लागतात. त्या सफाईदार युक्तिवादाला आपण क्षणभर तरी मान डोलावली काय, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावें. घरींही वडीलधाऱ्यांनीं तरुणांशीं यावर बोलावें. सत्कृत्यामागील कीर्तीची हांव ओळखणें थोरांनाही सोपें नाहीं.