रुग्णालयातील गैरवर्तन : तक्रार कोठे व कशी करावी?

काशीदचा समुद्रकिनारा पाहण्यास मुंबई-पुण्याहून हजारो लोक येतात. परंतु येथील एखाद्याला रात्री-अपरात्री साप चावला किंवा बाळंतीण अडली, तर मुरुडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते आणि तेथून पुढे पाठविले तर अलिबाग. दवाखाना निवडण्याची सोय गरिबाला नसते. म्हणूनच कोणी उर्मट बोलले, पैसे मागितले अथवा रुग्णाकडे लक्ष दिले नाही, तरी आपली माणसे गप्प बसतात. ‘उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचे आहे’ ही भीती खोटी नाही. परंतु तक्रारीची योग्य रीत ठाऊक असेल, तर ही भीती बरीच कमी होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम रुग्णालय कोणाच्या अखत्यारीत येते ते पाहावे. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात; तेथील तक्रार तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे करावी. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार तेथील वैद्यकीय अधीक्षकांकडे व त्यांच्या वर अलिबागला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो.

अर्ज एका पानाचा असावा. रुग्णाचे नाव, केसपेपर क्रमांक, तारीख, वेळ, वॉर्ड, काय घडले, कोणी पाहिले आणि आपली मागणी काय, एवढेच लिहावे. कर्मचाऱ्याचे नाव माहीत नसेल तर पद व पाळी लिहावी. शिवीगाळ, धमकी किंवा हातघाई करू नये. त्याने आपलीच बाजू लंगडी पडते. आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. शिक्का मारलेल्या पावतीशिवाय व्यवहार झाला असे आम्ही मानत नाही. तक्रारीचेही तसेच आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही-शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. उपचारांची कागदपत्रेही लेखी मागावीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत डॉक्टरांनी ती देणे बंधनकारक आहे. सरकारी कार्यालयाने अर्जाचे काय केले, हे माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

‘नेमकी चूक कोणाची, हे आम्ही कसे सिद्ध करणार?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. येथे औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) प्रकरण लक्षात ठेवावे. १९६३ साली तेथील सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला व त्यातच तिचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली, ती उच्च न्यायालयात टिकली नाही. अखेर १९९६ साली, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले. निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावर तो नेमक्या कोणत्या डॉक्टरचा, हे ठरले नाही तरी सरकारची जबाबदारी टळत नाही, असा त्याचा अर्थ. न्यायास तेहेतीस वर्षे लागली, हेही विसरू नये. म्हणून कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपावीत.

ग्राहक आयोगाविषयी मात्र गैरसमज आहे. १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. परंतु जेथे सर्वांनाच मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्यातून वगळली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. त्यामुळे तेथील भरपाईसाठी दिवाणी न्यायालय हाच मुख्य मार्ग उरतो. पैसे भरलेल्या खाजगी रुग्णालयाविरुद्ध मात्र दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.

सरकारी रुग्णालयात कोणी लाच मागितल्यास, पैसे देण्यापूर्वीच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर कळवावे. चारचौघांत जातीवरून अपमान केल्यास तो केवळ गैरवर्तनाचा विषय राहत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हे संरक्षण आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रिया, बालके व अनुसूचित जाती-जमातींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सहाय्य मिळते.

रात्रभर जागून रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका व डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांचा आदर राखूनच तक्रार करावी, आणि ती खरी असावी. विद्यार्थी मित्रांना आमची विनंती एवढीच की, वस्तीतील ज्या आई-बापांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज तुम्ही लिहून द्या व पोच घेईपर्यंत त्यांच्यासोबत थांबा. एकट्या माणसाला वाटणारी भीती सोबत कोणी असले की निम्मी होते. आपल्या शिक्षणाचा समाजाला याहून रोकडा उपयोग कोणता?