लॅपटॉप स्लो झालाय? आधी त्याला विचारा, मग बाबांना!

सबमिशनच्या आदल्या रात्रीच लॅपटॉप हँग होतो, यावर आपल्यापैकी सगळ्यांचं एकमत असेल. इकडे पीपीटीच्या सोळाव्या स्लाइडवर ते निळं चक्र फिरायला लागतं आणि तिकडे डोक्यात एक वाक्य तयार होतं, ‘बाबा, नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल.’ हे वाक्य चाळीस-पन्नास हजारांचं असतं. कुणाच्या घरी ते ईएमआयवर जातं, कुणाच्या घरी धाकट्या बहिणीच्या क्लासची फी त्यापायी पुढे ढकलली जाते. म्हणून ते बोलण्याआधी दहा मिनिटं थांबा. ज्यांचं पोटच कम्प्युटरवर चालतं ते सॉफ्टवेअर डेव्हलपर अशा वेळी काय करतात, ते तरी बघा.

माझा मावसभाऊ हिंजवडीतल्या एका कंपनीत डेव्हलपर आहे. अशा लोकांकडे सगळं लेटेस्ट असणार, असं आपल्याला वाटतं. ऑफिसचा लॅपटॉप नवा आहेही. पण घरी स्वतःच्या छोट्या प्रोजेक्ट्ससाठी तो जे मशीन वापरतो, ते त्याच्या इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरचं आहे. कीबोर्डवरचं ‘ई’ पुसून गेलंय, एका बाजूची बिजागरी सैल झालीय, पण काम मस्त चालतं. कारण मशीन स्लो झालं की तो ‘खराब झालं’ म्हणत नाही, ‘कुठे अडलंय?’ असं विचारतो. त्याचा अर्धा दिवस कोड लिहिण्यापेक्षा कोड कुठे अडतोय हे शोधण्यातच जातो. तीच सवय घरी आलीय.

आधी नाडी बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मॅकवाल्यांसाठी ॲक्टिव्हिटी मॉनिटर असतो. तिथे तीन आकडे बघायचे: सीपीयू, मेमरी, डिस्क. मशीन अडकलेलं असतानाच बघा, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर? रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर जागा उरली नाही की मशीन प्रत्येक गोष्ट कपाटात ठेवत आणि काढत बसतं. ब्राउझरचे तीस टॅब उघडे असतील तर आधी ते बंद करा. तरीही रोज हेच होत असेल, तर रॅम वाढवता येते का ते बघा. पण जपून. बऱ्याच पातळ लॅपटॉप्समध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. मॉडेल नंबर टाकून हे आधीच तपासा.

डिस्क सतत १०० टक्के? मग मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यात तबकडी खरोखर फिरते. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती फाइल वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत थांबावंच लागतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी हार्ड डिस्क साधारण १०० एमबी. छोट्या-छोट्या फाइल्स असतील तर हा फरक कितीतरी पट वाढतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे काम काही हजारांत होतं. मावसभावाच्या त्या जुन्या मशीनला दुसरा जन्म मिळाला तो यामुळेच.

सीपीयूच तापलाय? कुठलं ॲप तो खातंय, ते वरच्या ओळीतच दिसतं. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या ॲप्सची यादीही टास्क मॅनेजरमध्येच असते. नको ती बंद करा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणं थांबवा! खालची हवेची छिद्रं बंद झाली की मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसर मुद्दाम वेग कमी करतो. कित्येकदा दोष फक्त पंख्यात साचलेल्या धुळीचा असतो.

सेम दिसते, सेम नसते

असाच गोंधळ केबलचा. सी टाइप आली आणि एकच केबल सगळीकडे चालेल असं आपण समजलो. तोंड सेम असलं तरी आतल्या तारा सेम नसतात. फोनसोबत येणारी केबल बरेचदा डेटा फक्त यूएसबी २.० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटने पाठवते. तशीच दिसणारी दुसरी केबल त्याच्या वीसपट वेगाने पाठवू शकते. म्हणून पेनड्राइव्ह किंवा पोर्ट बिघडलाय असं ठरवण्याआधी केबल बदलून बघा. डेव्हलपर एका वेळी एकच गोष्ट बदलतात. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

विंडोज १० वाल्यांचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉप ‘बाद’ ठरले. त्यांचे मालक मुख्यतः कोण? सेकंडहँड मशीन घेणारे आपण.

पण बाद म्हणजे भंगार नव्हे. लिनक्स फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतं. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं ते घरच्या पीसीवर छंद म्हणून सुरू केलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. आपल्याच वयाचा! आज जगातले बहुतांश सर्व्हर त्यावर चालतात, अँड्रॉइडच्या पोटातही तेच आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसतं वापरून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. फक्त एक बघा. फोटोशॉपसारखी काही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. कॉलेजचं ऑनलाइन परीक्षेचं ॲप त्यावर चालतं का, हेही आधी विचारून घ्या.

अर्थात, कधी कधी नवीन मशीन खरंच लागतं. बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप वापरणं लगेच थांबवा, त्यात हयगय नको. बोर्ड गेला असेल किंवा व्हिडिओ एडिटिंगला १६ जीबी रॅम लागत असेल आणि ती वाढवता येत नसेल, तर घरी जरूर बोला. पण आकडे घेऊन बोला. ‘स्लो झालाय’ यापेक्षा ‘मेमरी रोज ९५ टक्के भरते आणि रॅम सोल्डर केलेली आहे’ या वाक्याला घरात जास्त वजन असतं.

मशीन जाईल, काम जाऊ नये

आणि हे सगळं करूनही मशीन एक दिवस दगा देणारच. डेव्हलपर ते गृहीत धरूनच काम करतात. टोरवाल्ड्सनंच २००५ मध्ये बनवलेलं गिट हे टूल कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतं, आणि तो कोड रोज सर्व्हरवर चढवला जातो. त्यामुळे संध्याकाळी लॅपटॉप बंद करताना मावसभावाचं दिवसभराचं काम फक्त त्या लॅपटॉपमध्ये नसतं. आपल्या डेस्कटॉपवर मात्र ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’ अशा फाइल्स एकाच डिस्कवर रांगेत बसलेल्या असतात. डिस्क गेली की तिन्ही गेल्या.

बॅकअपचा नियम तीन-दोन-एकचा. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. म्हणजे लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि क्लाउड. खर्च जवळपास शून्य आणि वेळ चहा उकळेपर्यंतचा. नवा लॅपटॉप हप्त्यावर मिळतो. चार महिने खपून गोळा केलेला प्रोजेक्टचा डेटा कुठल्याच दुकानात मिळत नाही. वाचून झालं असेल तर आधी ती फाइल कॉपी करा.