शेंग तडकते, कणीस थांबते

परतीचा पाऊस उघडून ऑक्टोबरचे ऊन तापले, की परभणी जिल्ह्यात काढणी लांबलेल्या सोयाबीनच्या रानात दुपारी तडतड ऐकू येते. शेंगा फुटून दाणे मातीत पडत असतात. हाताशी आलेले पीक असे का सांडते, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रातील फळांच्या वर्गीकरणात सापडते.

बाजारात फळ म्हणजे गोड, रसाळ वस्तू. वनस्पतिशास्त्रात मात्र फुलातील अंडाशय फलनानंतर वाढतो, तेच फळ. त्यातील बीजांडांच्या बिया होतात आणि अंडाशयाच्या भिंतीची फलभित्ती बनते. या हिशेबाने टोमॅटो, वांगे, भेंडी आणि शेंग हीसुद्धा फळेच.

पिकताना फलभित्तीचे काय होते, यावर मुख्य विभागणी ठरते. ती गरदार राहिली, तर मांसल फळ. आंब्याची साल, गर आणि कोयीचे कठीण कवच हे तिचेच तीन थर. खरी बी कोयीच्या आत असते. भित्ती वाळली, तर शुष्क फळ. शुष्क फळांतही दोन प्रकार आहेत : आपोआप उघडणारी आणि न उघडणारी. मराठवाड्याची बरीचशी शेती याच दोन गटांत मोडते.

सोयाबीनची शेंग उघडणारी. तिच्या दोन्ही कडांना शिवणी असतात. वाळताना भित्तीतील थर वेगवेगळ्या दिशांनी आकसतात आणि दोन्ही फाकांना पीळ बसू लागतो. शिवणीला हा ताण सोसेनासा झाला, की शेंग झटक्याने फुटते. रानटी सोयाबीनला बिया दूर फेकण्यासाठी हेच हवे असते; शेतकऱ्याला नको असते. भित्तीला असा पीळ देणारे एक जनुक जपानमधील संशोधकांनी 2014 मध्ये उजेडात आणले. तडकण्यास दाद न देणाऱ्या अनेक वाणांत ते निकामी झालेले आढळते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-158 आणि एमएयूएस-162 यांसारखे, शेंगा सहज न तडकणारे वाण दिले आहेत. तरीही मुदत मिळते ती काही दिवसांचीच. म्हणून बहुतेक शेंगांचा रंग पालटताच काढणी उरकावी आणि ती सकाळी करावी. दवाने भित्ती मऊ असते, पीळ सैल असतो.

कापसाचे बोंडही उघडणारेच, पण त्याची तऱ्हा निराळी. तीन ते पाच कप्पे सावकाश उमलतात आणि सरकीवरचे तंतू कापूस बोंडातच धरून ठेवतात. भेंडी कापसाच्याच कुळातली. याच विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देण्यासाठी ओळखली गेली. भेंडी कोवळी तोडली तर भाजी. जून झाली की भित्तीत चिवट धागे तयार होतात आणि वाळल्यावर ती शिरांवर उकलते.

न उघडणाऱ्या गटात ज्वारी आणि करडई येतात. ज्वारीच्या दाण्यात फलभित्ती आणि बीजावरण एकजीव झालेले असते. म्हणजे आपण ज्याला दाणा म्हणतो, ते एक अख्खे फळ. गिरणीत ज्वारी कोंड्यासह दळली जाते, त्यामुळे फलभित्तीतील तंतुमय पदार्थ भाकरीतून पोटात जातात. करडईचे ‘बी’ही फळच, त्याचे कवच ही फलभित्ती.

सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी बहुधा एकाच वेळी येतात आणि मजूर तेवढेच असतात. आभाळ भरून आले असेल, तर फुटलेला कापूसही भिजू देऊन चालत नाही. पण आकाश निरभ्र आणि ऊन कडक असेल, तर आधी विळा सोयाबीनला लावावा. उमललेले बोंड चार दिवस कळ काढते, वाळलेली शेंग काढत नाही.