दगड झालेली झाडं

नवराबायको जोडीनं मध्य प्रदेशात नर्मदेकाठी गेली, की जबलपूरजवळचा धुवाँधार आणि अमरकंटकची कपिलधारा हे धबधबे पाहतातच. या दोन्हींच्या मध्ये, दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघवा राष्ट्रीय उद्यानासाठी वाट जरा वाकडी करा. तिथं झाडांचे दगड झालेत!

सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींचा लाव्हा पसरला. आपल्याकडचा काळा कातळ त्याचाच. त्या काळात गाडल्या गेलेल्या लाकडात पाण्याबरोबर गारगोटीचा अंश झिरपला, कणाकणानं लाकडाची जागा दगडानं घेतली. खोडाच्या रेषा मात्र तशाच राहिल्या. त्यांवरूनच ताडामाडाच्या जातीची झाडं ओळखता आली.

नर्मदेतला गोटा आपण देवघरात आणतो. इथला तुकडा मात्र पदरात बांधू नका. तोडलेलं झाड पुन्हा लावता येतं, हे नाही.