बी.एस्सी. झालात? ही एक वेगळी वाट

"पोर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालं, आता पुढे काय?" हा प्रश्न पुष्कळ शेतकरी घरांतून ऐकू येतो. शिक्षकी पेशा, औषधांचा कारखाना, साखर कारखान्याची प्रयोगशाळा या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. न्यायसहायक विज्ञानाच्या वाटेकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

तसे हे काम गावाला अगदीच अनोळखी नाही. फवारणीचे औषध पोटात जाऊन कुणी दगावले, की 'व्हिसेरा राखून ठेवला' हे शब्द कानी पडतात. शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढतात आणि बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. मोहोरबंद बरण्या पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत जातात. त्यातून विष वेगळे काढायचे आणि ते कोणते हे ओळखायचे, हे काम रसायनशास्त्र शिकलेल्याचे. शाईतील रंग कागदावर वेगळे करण्याचा प्रयोग कॉलेजात केला असेल. त्याच तत्त्वावर लेप दिलेल्या काचपट्टीवर कीटकनाशक ओळखता येते. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या यंत्रांनी खात्री केली जाते. दारूत मिथिल अल्कोहोल होते काय, हेही येथेच कळते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

जबाबदारीचे काम

अहवाल पुढे न्यायालयात जातो. एका बरणीचा क्रमांक दुसरीला लागला, तर निरपराध माणूस गजाआड जाईल, नाही तर गुन्हेगार मोकळा सुटेल. म्हणून हुशारीइतकाच येथे सचोटीला आणि चिकाटीला मान आहे. विष आढळले नाही, तर तसेच लिहावे लागते. कुणाच्या सांगण्यावरून शब्द बदलत नाही.

प्रवेश कसा मिळतो?

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे मुख्य ठिकाण मुंबईत कालिना येथे आहे. नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथेही प्रयोगशाळा आहेत. वैज्ञानिक सहायकाच्या जागेसाठी रसायनशास्त्र घेतलेल्या विज्ञान पदवीधराला अर्ज करता येतो. वर्गाची व वयाची अट जाहिरातीत नीट वाचावी. पुढे शिकायचे असेल, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तेव्हा अशा माणसांची गरज वाढणार, हे उघड आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

जागा मोजक्या असतात आणि जाहिराती नेमाने निघत नाहीत. त्यामुळे एम.एस्सी. किंवा पाणी, माती, अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेतील काम हाताशी ठेवावे. तेथील सराव वाया जात नाही. दुसरे, थोड्या महिन्यांत 'तज्ज्ञ' करून देणाऱ्या महागड्या खासगी वर्गांना भुलू नये. त्या प्रमाणपत्राला मान्यता आहे काय, हे आधी विचारावे आणि मगच कनवटीचा पैसा सोडावा.

मुलींनीही ही वाट परकी मानू नये. येथे लागतात ते स्थिर हात, नीटनेटकी नोंदवही आणि खरे तेच लिहिण्याची सवय.