जुना लॅपटॉप : डागडुजी कीं नवी खरेदी ?

लॅपटॉप आतां आपल्या घरांत शिवणाच्या यंत्राइतका रुळला आहे. परंतु शिवणयंत्र जड चालूं लागलें तर आपण प्रथम तेलाची कुपी शोधतों, आणि लॅपटॉप मंद झाला कीं थेट दुकानाची वाट धरतों. सकाळीं कळ दाबावी, चहा आटोपून यावें, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असावें, हा अनुभव पुष्कळ घरांतून येतो. अशा वेळीं नव्या यंत्रासाठीं चाळीस-पन्नास हजार रुपये मोजावे, कीं आहे त्यांतच एकदोन सुटे भाग बदलून आणखी कांहीं वर्षें काढावीं, हा प्रश्न बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला लहान नाहीं.

निर्णय करण्यापूर्वीं यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. १८४० सालीं स्थापन झालेलें आपलें नाशिकचें सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. ग्रंथ कपाटांत असतात, वाचक मेजाशीं बसलेला असतो. मागितलेलें पुस्तक मेजावर येईल तेव्हांच वाचन सुरू होतें. लॅपटॉपमध्यें प्रोसेसर हा वाचक, रॅम हें मेज आणि डिस्क हें कपाट. मेज लहान असेल तर एक पुस्तक उघडण्यासाठीं दुसरें परत ठेवावें लागतें. चार जीबी रॅमच्या यंत्रावर आजचा ब्राउझर दहाबारा पानांसह उघडला कीं हीच नेआण सुरू होते, आणि वाचक हुशार असूनहि हात जोडून बसून राहतो.

कपाटाची गोष्ट याहून महत्त्वाची. हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनसारखी फिरती तबकडी. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. तिच्यांत पन्नास तबकड्या होत्या आणि सर्व मिळून सुमारें पांच एमबी मजकूर मावत असे. पुढें आकार घटला, सांठा लाखोंपटींनीं वाढला, पण फिरणें कांहीं सुटलें नाहीं. जुन्या लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद. म्हणजे हवी ती जागा वाचकाग्राखालीं येण्यास सरासरी साडेपांच, आणि तें अग्र योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी दहाबारा. एका लहानशा वाचनास सतरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदास साठ वाचनेंहि पुरीं होत नाहींत. विंडोज सुरू होतांना अशीं हजारों वाचनें लागतात ! एस.एस.डी.मध्यें फिरणारें कांहींच नाहीं. मजकूर इलेक्ट्रॉनिक पेशींत असतो, आणि तेंच काम ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबानें करते. म्हणून ज्या यंत्रांत अद्याप तबकडी आहे, त्यांत पहिला रुपया एस.एस.डी.वर खर्च व्हावा, रॅमवर नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे.

तरी नेमकें दुखणें कोठें आहे हें आधीं तपासावें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. नेहमींचें काम चालू ठेवून त्यांतील आंकडे पाहावे. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर बहुतेक रिकामा, तर दोष कपाटाचा. रॅमहि गच्च भरली असेल तर मेजहि मोठें करावें लागेल. आठ जीबी साधारण घरकामास पुरते. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल, तर वाचकच थकला. तेथें नवें मेज-कपाट घेऊन उपयोग नाहीं.

महात्मा गांधी रस्त्यावरील किंवा कोणत्याहि दुकानांत जाण्यापूर्वीं यंत्राचा पूर्ण नमुनाक्रमांक लिहून न्यावा. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टावरच डाख देऊन बसविलेली असते. ती वाढवितां येत नाहीं. डी.डी.आर.३ ची पट्टी डी.डी.आर.४ च्या खांचेंत बसत नाहीं. एस.एस.डी.तहि अडीच इंची आणि एम.२ असे प्रकार आहेत. शिवाय २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांकडून मागणी आल्यामुळें रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले; तेव्हां शेजाऱ्यानें दोन वर्षांपूर्वीं दिलेला भाव आज प्रमाण मानूं नये. वापरलेली रॅम तपासून घेण्यास हरकत नाहीं. वापरलेली डिस्क मात्र मी कोणास घेऊं देणार नाहीं.

आतां डागडुजीची मर्यादा सांगितली पाहिजे. विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास बहुतेक आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ती पिढी २०१७ सालीं आली. रॅम आणि डिस्क बदलल्यानें प्रोसेसर तरुण होत नाहीं. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार चालवावयाचे असतील तर नवें यंत्र घ्यावें, किंवा लिनक्स बसवावें. लिनक्स मोफत मिळतें, त्यांत मराठी लिहितां येतें. परंतु ज्यांना एखादी ठराविक हिशेबाची प्रणाली लागते त्यांची तेथें अडचण होते. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली आणि पडद्यावर रेघाहि आल्या, तर मोह सोडावा. सर्व दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापुढें जाऊं लागला कीं मी नव्याच्या बाजूनें कौल देतों. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसहि वापरूं नये.

काम कारागिराकडे देण्याच्या आधीं छायाचित्रें व कागदपत्रें यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. एस.एस.डी. बिघडते तेव्हां पुष्कळदां पूर्वसूचना न देतां बिघडते. म्हणून ही प्रत पुढेंहि चालू ठेवावी. काढलेली जुनी डिस्क दुकानांत सोडून येऊं नये. तींत तुमचें पॅन, आधार, मुलांच्या गुणपत्रिका सर्व आहे, आणि फाइल नुसती पुसल्यानें ती नाहींशी होत नाहीं. डिस्क धड असेल तर तिला यू.एस.बी.ची डबी मिळते. तींत घालून तीच प्रतीसाठीं वापरतां येते. धड नसेल तर तबकडीला भोंक पाडून ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.